चांगलंय म्हटलं की त्या घाबरायच्या

पत्रकार त्यांना नेहमी एकच प्रश्न विचारायचे. "मॅडम, या क्षेत्रात कशा आलात? घरात कोणी दिव्यांग होतं का?" विचारतानाच आवाज जरा ओला केलेला असायचा. मॅडम पदरानं चष्मा पुसायच्या आणि म्हणायच्या, "आमच्या शेजारच्या विभागातले सर वीस वर्षं ज्वारीवर काम करायलेत. त्यांच्या घरात कोण ज्वारी होतं, हे इचारलं का तुमी त्यांना?"

मुलाखत तिथंच आटोपायची आणि बातमी सहसा छापून यायची नाही. आम्हाला वाटायचं, एखादी हळवी गोष्ट सांगून टाकली तर केंद्राचं नाव तरी होईल. पण मॅडमच्या पोटात तशी गोष्ट होती की नव्हती, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

आमचं केंद्र विद्यापीठाच्या अगदी मागच्या टोकाला, बियाण्याच्या जुन्या गोदामात होतं. अपंगत्वाचा अभ्यास सगळ्या विषयांच्या माणसांनी मिळून करायचा, अशी त्यामागची कल्पना. म्हणून तिथं एक फिजिओथेरपिस्ट होती, एक कायदेवाला होता, एक समाजशास्त्राचे सर होते आणि शेती अवजारांचा इंजिनीअर म्हणून मी होतो. चौघंही आपापला विषयच सगळ्यात शहाणा समजत होतो. या सगळ्यांच्या वर संशोधन प्रमुख म्हणून मॅडम. पन्नाशीच्या पुढचं वय, सुती साडी, पायांत कॅनव्हासचे बूट. पदाबरोबर गाडी मिळत होती, ती त्यांनी नाकारली होती. रोज मानवतहून एसटीनं यायच्या. पर्समध्ये शिंप्याची टेप असायची आणि ती केव्हा बाहेर निघेल याचा नेम नसायचा. एसटीची पायरी, बँकेचं काउंटर, देवळाचा उंबरठा, हातपंपाचा दांडा, सगळं त्या मोजायच्या आणि वहीत लिहायच्या. एकदा पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला आम्ही सगळे गेलो होतो. मॅडम पायऱ्यांवर टेप लावून बसल्या. मागची बाई म्हणाली, "अवो, ठेकेदारीणबाई, आधी दर्शन तर घ्या." मॅडमनी तिलाच टेपेचं दुसरं टोक धरायला लावलं.

मी पुष्कळ हुशार माणसं पाहिली आहेत. हुशारीला मी सहसा भीत नाही. पण या बाई खोलीत आल्या की माझी पाठ आपोआप ताठ व्हायची. त्या ओरडायच्या नाहीत, टाकून बोलायच्या नाहीत. फक्त "कोणाला इचारलं?" एवढं म्हणायच्या. तुम्ही चाळीस पानांचा आराखडा पुढं ठेवा, त्या शेवटचं पान उलटून म्हणणार, "छान. कोणाला इचारलं?" आणि मग त्या चाळीस पानांत खरोखरच कोणाला काही विचारलेलं नाही हे तुमचं तुम्हालाच दिसायला लागायचं.

आमच्या बैठका जमिनीवर व्हायच्या. त्याचंही एक कारण होतं. सुरुवातीच्या एका बैठकीला हातांवर सरकत चालणारे एक आजोबा आले होते. आम्ही सगळे खुर्च्यांवर आणि ते खाली, त्यामुळे अर्धा तास ते वर मान करून बोलत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन पाहतो तर खोलीतल्या साऱ्या खुर्च्या व्हरांड्यात आणि आत सतरंजी. तेव्हापासून ज्याला गुडघ्यानं किंवा कमरेनं खाली बसता येत नाही त्यानं आधी सांगायचं, त्याची सोय व्हायची. बाकीच्यांनी मांडी घालायची. कुलसचिवसुद्धा फाइल मांडीवर घेऊन बसायचे आणि उठताना समाजशास्त्राच्या सरांचा हात धरायचे.

त्याच आजोबांना मॅडमनी विचारलं होतं, "तुमच्यासाठी कोणता शब्द वापरू? सरकारी कागदावर एक हाय, पुस्तकात दुसरा हाय." आजोबा म्हणाले, "नाव हाय की मला. नावानं हाका मारा."

'बिचारा' या शब्दावर मात्र बंदी होती. ज्याच्या तोंडून तो निघेल त्यानं दारातला चाकखुर्चीचा उतार झाडायचा. आमच्या पाहण्यात तो उतार कधी घाण राहिला नाही. बाहेरगावाहून आलेले एक मोठे पाहुणे भाषणात "या बिचाऱ्यांसाठी" म्हणून गेले आणि आम्ही सगळे खाली बघायला लागलो. भाषण संपल्यावर मॅडमनी हार घातला, शाल दिली आणि झाडू हातात दिला. पाहुण्यांना आधी तो सत्काराचाच भाग वाटला. पण खुलासा केल्यावर त्या भल्या माणसानं खरंच उतार झाडला, तोही कोपऱ्यापर्यंत.

पण मला सांगायचंय ते त्यांच्या वाचनाबद्दल. केंद्राचा एक नियम होता, तो दुसऱ्या कुठल्या विद्यापीठात मी ऐकलेला नाही. ज्याच्याबद्दल अहवालात लिहिलं, त्याच्या दारात बसून, त्याच्या बोलीत, तो त्याला वाचून दाखवायचा. त्यानं "हे खोडा" म्हटलं तर खोडायचं. वाचन झाल्याशिवाय कागद केंद्राबाहेर जायचा नाही. लोक कधी भांडायचे, कधी हसायचे, कधी म्हणायचे, "आमचं वय लय लिवलं." मॅडम खूश असायच्या. त्यांना भीती वाटायची ती फक्त एका शब्दाची. माणूस "चांगलंय" म्हणाला की त्यांचा चेहरा उतरायचा. जीपमध्ये बसल्यावर त्या म्हणायच्या, "चांगलंय म्हणला, म्हंजे त्यानं आपल्याला वाटंला लावलं."

हे सगळं माहीत असून मी जे केलं ते केलं.

मी एक सरकगाडी बनवली होती. ज्यांच्या पायांत जोर नाही अशांना बसून खुरपणी करता यावी म्हणून बुटकी, चार चाकांची, वर गादीची बैठक असलेली गाडी. विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर, सपाट कोरड्या रानात, ती लोण्यासारखी सरकायची. गावोगाव गाड्या दिल्या, वर्षभर फिरून माहिती गोळा केली आणि जिथं गेलो तिथं एकच उत्तर मिळालं. "चांगलंय." मी हवेत होतो. केंद्राची मुदत त्या पावसाळ्यात संपत होती, मुदतवाढीसाठी समिती येणार होती आणि समितीपुढं ठेवायला आमच्याकडे ठळक असं काही होतं तर ही गाडी. केंद्र बंद पडलं तर माझी नोकरी जाणार होती. वडिलांनी आमच्या पाहुण्यारावळ्यांत "पोरगं विद्यापीठात शास्त्रज्ञ हाय" म्हणून सांगून ठेवलं होतं, ते वेगळंच.

समितीच्या आठ दिवस आधी शेवटचं वाचन होतं, बोरीच्या पुढच्या एका गावात, कौसाबाईच्या घरी. कौसाबाई चाळिशीची. लहानपणच्या पोलिओनं दोन्ही पाय गेलेले. भाऊ आणि भावजयीबरोबर राहायची. जमीन थोडी, चार शेळ्या. ही बाई जमिनीवर सरकत खुरपणी करायची आणि अख्ख्या गावात तिचा हात चपळ म्हणून नाव होतं. आम्ही ओसरीवर बसलो, भावजयीनं चहा आणला आणि मी वाचायला लागलो. कौसाबाईंचा कामाचा वेग वाढला. श्रम कमी झाले. लाभार्थी साधनाची उत्तम निगा राखतात.

"बरोबर हाय का, कौसाबाई?" मॅडमनी विचारलं.

"चांगलंय की. साहेबानं लय मेहनत घेतली."

मॅडमचा चेहरा उतरला. चहाची कपबशी त्यांनी तशीच खाली ठेवली आणि म्हणाल्या, "गाडी कुठंय?"

गाडी आतल्या खोलीत होती. प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली. कागद काढला तेव्हा चारही चाकांवर गेल्या दसऱ्याचं हळदकुंकू वाळलेलं होतं. बाकी चाकं कोरी करकरीत. त्या गावच्या काळ्या रानात पावसाळ्यात कोंबडी चालली तरी तिच्या पायाला गोळा लागतो, आणि या चाकांवर चिखलाचा थेंब नव्हता.

मॅडमनी चाकावरून बोट फिरवलं. मग बाहेर ओसरीवर येऊन त्या कौसाबाईच्या अगदी शेजारी जमिनीवर बसल्या. "कौसाबाई, मी काही तुमच्याकडची पाहुणी न्हाई. चहा पण पिली न्हाई बगा अजून. मला खरं सांगा."

कौसाबाईनं भावजयीकडं पाहिलं. भावजयीनं मान खाली घातली. मग कौसाबाई हळूहळू बोलायला लागली. "पैल्याच पावसात रानात नेली, सांजंला धुऊन ठिवली. ओलीत चाक रुततंय, बाई. हातभर सरकलं की रुततंय. मग भावजयीला ढकलाया लागतंय. ती मला ढकलायली तर तिची पात कोन धरनार? आन् वर बसल्यावर हात तनापत्तुर पोचत न्हाई. खाली बसून मी कोनाला मागं ठिवत न्हाई. सगळ्या बायांच्या बरोबर माजी पात निगते. त्या गाडीवर बसले आन् जन्मात पैल्यांदा दुसऱ्याच्या हातात गेले."

पात म्हणजे खुरपताना एकेका बाईच्या वाट्याला येणारा पट्टा. भावाच्या घरी राहणाऱ्या कौसाबाईची सगळी पत त्या पट्ट्यावर होती, आणि माझ्या गाडीनं नेमकी तीच काढून घेतली होती.

"मग आदी कामून न्हाई सांगितलं?" मॅडमनी विचारलं.

कौसाबाईला प्रश्नाचंच नवल वाटलं. "हे साहेब दर बारीला घरी यायचे. बसायचे, चहा घ्यायचे, आन् मग इचारायचे. आपल्या घरचा चहा पिलेल्या मानसाला, तुमचं वाईट हाय, असं म्हनावं का?"

आम्हाला शिकवलेलंच तसं होतं. आधी ओळख वाढवा, चार शब्द बोला, चहा घ्या, मग प्रश्नावली काढा. त्या चहानं आमच्या वर्षभराच्या अभ्यासाचं पाणी करून टाकलं होतं. प्रत्येक घरी मी पाहुणा झालो होतो आणि प्रत्येक घरानं पाहुण्याचं मन राखलं होतं. रानात जाऊन मी एकदाही विचारलं नव्हतं.

निघताना माझा पाय भिंतीशी पडलेल्या एका चकतीवर पडला. ट्रकच्या ट्यूबचा तुकडा, त्यावर घोंगडीचं जुनेर दुमडून टाकलेलं, दोन्ही बाजूंना बंद. कौसाबाई म्हणाली, "बगून, साहेब. ते माजं हाय." तीच चकती बांधून ती रानात जात होती, तिनंच शिवलेली. वर्षभर मी तिच्यावरून पाय टाकून ओसरीवर चढलो होतो.

मला वाटलं, आता जीपमध्ये माझी हजेरी घेतली जाईल. तसं काही झालं नाही. मॅडम जीपमध्ये बसल्याच नाहीत. "तू जा," म्हणाल्या, "मी उद्या येते." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या केंद्रात आल्या तेव्हा हातांना फोड होते आणि साडी मांडीवर चिखलानं कडक झाली होती. दिवसभर त्यांनी कौसाबाईच्या शेजारची पात बसून, सरकत खुरपली होती. "शेवटी आले," त्या म्हणाल्या. "लय मागं राहिले. बाया हसायल्या." असं सांगताना त्यांच्या तोंडावर जो आनंद होता तो मी कुठल्या पदवीदान समारंभात पाहिलेला नाही.

मी म्हणालो, "मॅडम, हे आपण अहवालात 'पुढील सुधारणा' म्हणून शेवटी टाकू. आठवड्यावर समिती आलीय."

त्या म्हणाल्या, "इंजिनीअर, तुझी नोकरी जाईल ह्याची मला काळजी हाय. खोटं न्हाई बोलत. पण उद्या ह्या अहवालावर कोणी अजून हजार गाड्या बनवल्या, तर कितीजणींची पात सुटंल?"

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी घरी जाऊन जेवलो नाही.

समितीच्या दिवशी कौसाबाई आली. मॅडम स्वतः जाऊन तिला विचारून, घेऊन आल्या होत्या. सतरंजीवर समितीचे सदस्य, कुलसचिव, आम्ही सगळे. अध्यक्षांचे गुडघे दुखतात असं त्यांनी आधी कळवलं होतं म्हणून त्यांना तेवढं स्टूल दिलं होतं. मॅडम उभ्या राहिल्या. त्यांनी भाषण केलं नाही. त्या म्हणाल्या, "आमचा मुख्य अभ्यास चुकला. गाडी चालत न्हाई. लोकांनी चांगलंय म्हटलं, कारण आमी त्यांच्या घरी पाहुणे म्हणून गेलो. संशोधन प्रमुख मी हाय, चूक माझी हाय. चाकं स्वच्छ होती हे माझ्या लवकर ध्यानात यायला पाहिजे होतं."

कुलसचिवांनी डोळे मिटून घेतले. अध्यक्षांनी पेनाचं टोपण लावलं.

पण हे खरं नव्हतं. मॅडमनी चाकं एकदाच पाहिली आणि लगेच ओळखलं. मी ती दर महिन्याला कागद उचलून पाहत होतो. तिसऱ्याच भेटीत मला ती कोरी दिसली होती. मनात चुकचुकलं होतं. आणि मी वहीत लिहिलं होतं, 'उत्तम निगा'. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, मॅडमनाही नाही. गप्प बसलो असतो तर सगळं त्यांच्या अंगावर गेलं असतं आणि मी एखादा बिचारा कनिष्ठ म्हणून सुटलो असतो.

मी उठलो. म्हणालो, "चाकं मला दिसली होती, सर. आधीच. मी विचारलं नाही. मला उत्तर नको होतं."

मग अध्यक्ष कौसाबाईकडं वळले आणि जरा मोठ्यानं, लहान मुलाशी बोलावं तसं म्हणाले, "तुम्हाला काय पाहिजे, ताई?"

"मला ऐकू येतंय, साहेब," कौसाबाई म्हणाली. मग तिनं पिशवीतून ती ट्यूबची चकती काढून सतरंजीवर ठेवली. "हे मी बनवलंय. वरीसभर टिकत न्हाई. घोंगडं भिजलं की मांडीला कातडं राहत न्हाई. येवढं निस्तरून द्या. चाकं नकोत."

समाजशास्त्राचे सर, फिजिओथेरपिस्ट, कायदेवाला, मी, सगळे त्या चकतीभोवती वाकलो. चार विषयांची माणसं एका वस्तूकडं खरोखर एकत्र बघत असल्याचा केंद्रातला तो पहिलाच प्रसंग. मॅडम मागं भिंतीला टेकून बसल्या होत्या.

निकालाचं पत्र महिन्याभरानं आलं. केंद्राला मागितलेली पाच वर्षं नाही, एकच वर्ष मिळालं होतं. आमच्या नोकऱ्याही तेवढ्याच. आणि संशोधन प्रमुखपदाचा कार्यभार मॅडमकडून काढून दुसऱ्या विभागातल्या एका प्राध्यापकांकडं दिला होता. कारण एका ओळीत होतं, 'प्रशासकीय'. मी पत्र वाचून रडकुंडीला आलो. ते पद माझ्या चाकांनी घालवलं होतं. मॅडमनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली. "वर्ष दिलं ना? खुरपणीचा एक हंगाम बसतो त्यात. झालं." मग किल्ल्या टेबलावर ठेवल्या, आपल्या मूळ विभागात जाऊन शिकवायला लागल्या आणि रोजची मानवतची एसटी काही सोडली नाही. मी एकदा माफी मागायला गेलो तर म्हणाल्या, "तू उठून बोललास ना, तवा मी भिंतीला टेकले. तवर टेकले नव्हते." एवढंच. मी त्यांच्या पायाला हात लावायला वाकलो तर त्या सरळ वर्गावर निघून गेल्या.

यंदाच्या पावसाळ्यात त्या चकतीवरून नवी बैठक तयार झाली. चिखल न धरणारं रबर, आत पाणी न पिणारा फोम, मांडीला घासणार नाहीत असे बंद. फिजिओथेरपिस्टनं मापं घेतली, मी शिवून घेतली. कौसाबाईच्या रानात मी सकाळीच गेलो. घरी थांबलो नाही, चहा घेतला नाही. बांधावर उभा राहिलो. तिनं बैठक बांधली, पात धरली, अर्ध्यापर्यंत गेली आणि थांबली. मग बंद सोडून ती बैठक माझ्या दिशेनं भिरकावून दिली. ती धप्पकन माझ्या पायाशी पडली.

"काय झालं, कौसाबाई?"

"वाईट हाय, भाऊ! एकदम वाईट! उजवीकडं वळायला गेले की मागं सरकतीय. कोनी शिवली ही? उसवा आन् परत करा."

शेजारच्या पातीवरच्या बाया खुरपं थांबवून हसायला लागल्या. मी तिथंच बांधावर बसलो आणि मॅडमना फोन लावला. त्या तासावर निघाल्या होत्या, धाप लागलेली होती. मी सगळं सांगितलं.

पलीकडं पावलं थांबलेली ऐकू आली.

"वाईट म्हणली?"

"हो, मॅडम."

"तुझ्या तोंडावर?"

"तोंडावर. फेकून पण दिली."

मॅडमचा आवाज एकदम बदलला. इतक्या वर्षांत तो तसा मी ऐकला नव्हता. "उसवू नको अजून," त्या म्हणाल्या. "तशीच ठिव. उद्या सुट्टी टाकते, पैल्या गाडीनं निघते. परभणीला बदलून दहापत्तुर बांधावर येते. तिला म्हण, मी आले की परत एकदा म्हण. मला माझ्या कानानं ऐकायचंय."